बिअरसाठी बाहेरचा प्रोपेन बर्नर घेताना बीटीयूला भुलू नका, काबू बघा

घरी बिअर करायला लागलं की पहिल्या दोनतीन बॅच सगळेच किचनच्या शेगडीवर करतात. मग एक दिवस असा येतो की २५ लिटर वॉर्ट (माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं, गोड पाणी, ज्याची पुढे बिअर होते) चढवून तास होऊन गेला तरी नुसती वाफ येतीये, उकळी काही फुटत नाही, खिडक्यांच्या काचा घामाघूम, अख्ख्या घराला माल्टचा वास आणि घरचे लोक न बोलता बरंच काही बोलतायत. त्या दिवशी माणूस बाहेर वापरायचा प्रोपेन बर्नर शोधायला लागतो आणि पहिल्यांदा डोळ्यात भरतो तो खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला बीटीयूचा, म्हणजे बर्नर तासाला किती उष्णता देतो त्याचा, आकडा. एकावर ५५ हजार, शेजारच्यावर दोन लाख. मग काय, दोन लाखवालाच घ्यायचा ना, जितका मोठा तितका भारी!

मी हेच केलं होतं. विमान सुटल्यासारखा आवाज, पातेल्याच्या तळाला मधोमध जळका डाग, आणि उकळी आल्यावर आच कमी करायला गेलं की फट्ट करून विझायचा. दोन सीझन कसेबसे काढले, मग तो कुणालातरी देऊन टाकला आणि त्याच्या निम्म्याहून कमी ताकदीचा घेतला, तो अजून चालू आहे. म्हणून या लेखात मी उलट्या क्रमाने जाणार आहे. आधी लिटर, मग पातेलं, मग बर्नरचा प्रकार, रेग्युलेटर, स्टँड, आणि बीटीयूचा आकडा फक्त हिशोब जुळवण्यापुरता. (आणि हो, तुम्ही राहता तिथे घरी बिअर करायला कायद्याने परवानगी आहे का ते आधी बघून घ्या, नाहीतर उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.)

आधी ठरवा, किती लिटर उकळणार

तयार बिअर किती आणि उकळायचं वॉर्ट किती हे दोन वेगळे आकडे आहेत आणि नवीन माणूस इथेच फसतो. २० लिटर बिअर हातात पाहिजे असेल तर उकळायला सुरुवात साधारण २६ लिटरने करावी लागते, कारण तासाभरात तीनसाडेतीन लिटर वाफ होऊन जातं, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि खालचा गाळ दीडदोन लिटर पिऊन बसतो, आणि गरम द्रव गार झाल्यावर आकसतो तेही साधारण ४ टक्के. ४० लिटरची बॅच असेल तर ५० च्या आसपास. तुम्ही एक्स्ट्रॅक्टवाले, म्हणजे माल्टचा तयार घट्ट पाक वापरणारे, असाल आणि निम्मंच वॉर्ट उकळून वरून पाणी घालत असाल तर खरं सांगायचं तर तुम्हाला बाहेरच्या बर्नरची घाईच नाही, किचनच्या शेगडीवर भागतंय तोवर भागवा.

बाकीच्यांनी आज काय करता ते न धरता पुढच्या दोन वर्षांत काय करणार ते धरा. पण उगाच स्वप्नंही रंगवू नका. "पुढे ८० लिटरच्या बॅच करीन" म्हणून मोठा बर्नर घेतलेले आणि अजून २० वरच असलेले बरेच आहेत, त्यात मीही होतो.

आता थोडं गणित, घाबरू नका

१ लिटर पाणी १ अंश तापवायला ४.१९ किलोज्यूल लागतात, वॉर्टसाठी हाच आकडा धरला तरी चालतो. मॅश, म्हणजे भरडलेलं माल्ट गरम पाण्यात मुरवणं, झाल्यावर वॉर्ट साधारण ६५ अंशावर असतं, म्हणजे २६ लिटर ६५ वरून १०० वर न्यायला जवळजवळ ३,८०० किलोज्यूल. हे १५ मिनिटांत व्हावं असं वाटत असेल तर पातेल्याच्या आत सव्वाचार किलोवॅट उष्णता शिरली पाहिजे. "आत शिरली पाहिजे" हे महत्त्वाचं, कारण उघड्यावरच्या बर्नरची बरीचशी उष्णता पातेल्याच्या कडेने वर आकाशात निघून जाते. मी हिशोबाला ४० टक्के धरतो, वारा असेल तर त्याहूनही कमी. म्हणजे बर्नर साडेदहा किलोवॅटचा लागला. १ किलोवॅट म्हणजे तासाला ३,४१२ बीटीयू, म्हणजे झाले ३६ हजार बीटीयू. बास! २० लिटरच्या बॅचला पंधरा मिनिटांत उकळी आणायला एवढंच लागतं.

आता उकळी टिकवायला किती लागतं ते बघा, ही खरी गंमत आहे. १ लिटर पाण्याची वाफ करायला २,२५७ किलोज्यूल, तासाला साडेतीन लिटर उडवायचं म्हणजे सव्वादोन किलोवॅटच्या आत-बाहेर, त्यात पातेल्याच्या भिंतीतून आणि वरून जाणारी उष्णता धरली की तीन किलोवॅट म्हणूया. बर्नरकडून झाले साधारण साडेसात किलोवॅट म्हणजे २५ हजार बीटीयू. म्हणजे ब्रू डेच्या (बिअर करायच्या दिवसाच्या) सगळ्यात लांब टप्प्यात, त्या ६० किंवा ९० मिनिटांत, दोन लाखवाला बर्नर त्याच्या ताकदीच्या आठव्या भागावर चालवायचा असतो! आणि तिथेच तो कुरकुरतो, पिवळा होतो, विझतो. आडदांड माणसाला नाजूक काम दिल्यासारखं.

म्हणून माझा ढोबळ हिशोब असा, २० लिटरच्या बॅचला ५० ते ६० हजार बीटीयू भरपूर झाले, ४० लिटरच्या बॅचला ७५ हजार ते १ लाख, आणि त्याच्या वरचं फक्त त्याहून मोठ्या पातेल्यांना. खोक्यावरचा आकडा पूर्ण प्रेशरला पूर्ण उघडल्यावरचा असतो, आणि तो जाळलेल्या गॅसचा असतो, पातेल्यात गेलेल्या उष्णतेचा नाही. दोन बर्नरचे आकडे सारखे असले तरी एक निम्मा गॅस पातेल्याला देईल आणि दुसरा पाव.

पातेलं बर्नरच्या आधी

२६ लिटर उकळायला ३५ ते ४० लिटरचं पातेलं लागतं, कारण उकळी फुटायच्या वेळी वॉर्टवर फेसाचा डोंगर येतो आणि दूध ऊतू जातं तसं क्षणात बाहेर येतं. त्या पातेल्याच्या तळाचा व्यास मोजा आणि तो आकडा लिहून ठेवा, बर्नर बघताना हाच उपयोगी पडणार आहे. ज्योत तळाखालीच पसरून राहिली पाहिजे, कडेने वर चढली की पैसे हवेत जातातच पण नळाचं सील, थर्मामीटरची तबकडी, हँडलचं रबर सगळं भाजून निघतं. १० इंची म्हणजे २५ सेंटीमीटर बर्नर ३० सेंटीमीटर तळाच्या पातेल्याखाली पूर्ण उघडला की ज्वाळा बाहेर येणारच, त्याला ३५-४० चा तळ शोभतो.

धातूबद्दल एकच गोष्ट, ॲल्युमिनियम उष्णता स्टीलपेक्षा दहापट तरी चांगली पसरवतं, म्हणून पातळ स्टीलच्या पातेल्याखाली एकाच ठिकाणी टोकदार ज्योत असेल तर तळ करपणार. स्टीलचं घ्यायचं असेल तर जाड किंवा मधे ॲल्युमिनियमचा थर असलेला तळ बघा, किंवा मग पसरट ज्योतीचा बर्नर घ्या. दोन्ही केलंत तर उत्तम.

बर्नरचे प्रकार

सगळ्या बर्नरचं तत्त्व एकच आहे. १८५५ च्या सुमारास हायडेलबर्गला बुन्सेनच्या प्रयोगशाळेत जो बर्नर झाला त्याचंच हे धाकटं भावंड. गॅस बारीक भोकातून (त्यालाच जेट म्हणतात) जोरात सुटतो, सुटताना बाजूची हवा ओढून घेतो, नळीत दोन्ही मिसळतात आणि टोकाला जळतात. १ भाग प्रोपेनला जवळपास २४ भाग हवा लागते, त्यातली बरीचशी आधीच मिसळली तर ज्योत निळी, कमी पडली तर पिवळी आणि पातेल्याला काजळी. हे लक्षात राहिलं की बर्नरची निम्मी दुखणी तुम्हाला स्वतःलाच कळतात.

बाजारात ढोबळमानाने तीन जाती दिसतात. पहिली, छोटा गोल बिडाचा बर्नर, तीनचार इंचाचा, मधे. अमेरिकेत टर्की पक्षी तळायच्या सेटबरोबर जो येतो तो बऱ्याचदा हाच, आणि तिकडच्या किती ब्रूअर्सनी सुरुवात त्याच्यावर केली असेल त्याला गणती नाही. साधा, टिकाऊ, आवाज मध्यम, बारीक आचेवर बऱ्यापैकी राहतो. २० लिटरवाल्यांनी इथूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी जात बँजो बर्नर. चपटी मोठी तबकडी आणि तिला लांब दांडा, त्या वाद्यासारखा दिसतो म्हणून बँजो. ज्योत पसरट, तळ सगळा सारखा तापतो, मोठ्या पातेल्याला हाच. पण तो हाय प्रेशरवर चालतो, गॅस खातो आणि लहान पातेल्याखाली वाया जातो.

तिसरी, एका गोल चौकटीवर दहा, वीस किंवा त्याहून जास्त बारीक टोकं बसवलेली असतात तो जेट बर्नर. ताकद प्रचंड, आवाजही प्रचंड, कमी आचेवर अर्धी टोकं विझतात आणि त्यांच्यातून न जळलेला गॅस येत राहतो. घरच्या ब्रूइंगला मी तो सुचवणार नाही. आणखी एक धोका म्हणजे यातले काही नॅचरल गॅससाठी बनवलेले असतात आणि त्यांची भोकं मोठी असतात. प्रोपेनमध्ये तेवढ्याच आकारमानाला नॅचरल गॅसच्या अडीचपट उष्णता असते, तो तसाच प्रोपेनला जोडलात तर चूल नाही, होळी होईल. लेबलवर प्रोपेन लिहिलंय का ते वाचल्याशिवाय पैसे काढू नका.

आवाजाबद्दल लोक आधी विचार करत नाहीत आणि नंतर सगळ्यात जास्त त्याबद्दलच कुरकुरतात. तासदीड तास त्या घरघरीशेजारी उभं राहायचंय, शेजाऱ्यांनाही तो ऐकू जाणारे. शक्य असेल तर घ्यायच्या आधी कुणाचातरी चालू असलेला बघून या, निदान त्याचा व्हिडिओ आवाजासकट बघा.

रेग्युलेटर आणि जेट

हा भाग कंटाळवाणा वाटेल पण इथे चूक झाली तर बाकी सगळं फुकट. सिलेंडरच्या आत २० अंश तापमानाला वातावरणापेक्षा सात बारहून जास्त दाब असतो, रेग्युलेटर तो कमी करून बर्नरला देतो. लो प्रेशर म्हणजे साधारण २८ ते ३७ मिलीबार, घरातल्या शेगडीला असतो तसा. हाय प्रेशर म्हणजे १०, २० किंवा ३० पीएसआय (हेही दाबाचंच एकक), १० पीएसआय म्हणजेच सातशेच्या जवळ मिलीबार झाले, वीसपंचवीसपट! म्हणून हाय प्रेशर बर्नर घरच्या शेगडीच्या रेग्युलेटरवर लावला की मेणबत्ती पेटते आणि माणूस बर्नरला शिव्या घालतो. आणि उलटं केलं, म्हणजे लो प्रेशर बर्नरला हाय प्रेशर रेग्युलेटर लावला, तर ते सरळसरळ धोक्याचं आहे. बर्नर, जेट, होज (गॅसची लवचिक नळी) आणि रेग्युलेटर एकत्र सेट म्हणूनच घ्या, जुळवाजुळव करू नका.

नवीन माणसाला मी काय घ्यायला सांगतो? ० ते १० किंवा ० ते २० पीएसआय ॲडजस्ट होणारा रेग्युलेटर, आणि त्याच्याशिवाय बर्नरजवळ एक वेगळा निडल व्हॉल्व्ह असेल तर सोन्याहून पिवळं. रेग्युलेटरच्या चकतीने ढोबळ आच लावायची आणि व्हॉल्व्हने बारीक. कमी दाबाच्या टप्प्यात गॅसचा प्रवाह दाबाच्या वर्गमूळाने बदलतो, म्हणजे आच निम्मी करायला दाब चौथ्या भागावर आणावा लागतो, म्हणून नुसती चकती फिरवून बारीक आच पकडायला गेलं की कधी काहीच होत नाही आणि कधी एकदम विझतो. सगळा खेळ त्या व्हॉल्व्हमध्ये आहे आणि खोक्यावर त्याबद्दल एक ओळही नसते.

बर्नरच्या नळीच्या तोंडाशी हवेची झडप असते, फिरवून कमीजास्त करायची पत्र्याची चकती. ती आहे का, हाताने सहज फिरते का, स्क्रूने घट्ट होते का ते बघा. ही नसलेला बर्नर घेऊच नका.

स्टँड, इथे कंजूषी नको

२६ लिटर वॉर्ट अधिक पातेलं म्हणजे ३० ते ३५ किलो उकळतं वजन, ४० लिटरच्या बॅचला ५५-६० किलो. ते ज्या लोखंडावर उभं आहे त्याच्याबद्दल लोक सगळ्यात कमी विचार करतात. माझा तो पहिला बर्नर नटबोल्टवाला होता, तिसऱ्याचौथ्या बॅचला तापून-गार होऊन बोल्ट सैल झाले आणि एक पाय हळूच वाकडा झाला, उकळतं पातेलं दोन बोटं कलल्यावर माझ्या लक्षात आलं. काही सांडलं नाही, पण त्या रात्री झोप नीट लागली नाही. तेव्हापासून वेल्डिंग केलेली फ्रेमच, आणि बोल्टवाली असेलच तर दर ब्रू डेला पाना फिरवूनच सुरुवात.

पाय वर जेवढे आहेत त्यापेक्षा खाली जास्त फाकलेले पाहिजेत, चार पाय असतील तर चांगलंच, तीन असतील तर ते पातेल्याच्या घेरापेक्षा बाहेर आलेले असावेत. वरची जाळी तुमच्या पातेल्यापेक्षा मोठी हवी, पातेलं टोकांवर टेकून डुगडुगतंय असं नको. रिकामं पातेलं ठेवून एका बाजूने दाबून बघा, लाजू नका, दुकानातही दाबून बघा.

उंचीचं काय? उंच स्टँडचा फायदा असा की नळ उघडला की वॉर्ट आपोआप खाली चिलरमधून (गार करायच्या नळीतून) फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या भांड्यात) जातं, पंप नको. तोटा असा की ते पातेलं तिथे चढवायचं कुणी आणि वर डोळ्यांच्या रेषेत उकळतं वॉर्ट, ऊतू गेलं तर थेट अंगावर. मी बुटका स्टँड वापरतो आणि गार झाल्यावर सायफनने काढतो, पाठ दुखते पण भीती नाही. ज्याची त्याची निवड.

बर्नरपासून तळापर्यंतचं अंतर हीसुद्धा स्टँडचीच गोष्ट. फार जवळ असलं तर ज्योतीला हवा मिळत नाही, ती तळावर चिरडते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. फार लांब असलं तर वारा खातो. निळ्या ज्योतीच्या आतल्या सुळक्याचं टोक तळाला टेकत नसेल पण जवळ असेल तर बरोबर. चांगल्या स्टँडला बर्नरभोवती पत्र्याचा वारारोधक असतो, नसेल तर तीन बाजूंनी पत्रा लावता येतो, पण खालून हवा यायला जागा ठेवून, आणि सिलेंडर किंवा रेग्युलेटर त्या पत्र्याच्या आत कधीही नाही. बर्नरच्या खाली उष्णता अडवणारी प्लेट असेल तर फरशी तडकत नाही. लाकडी डेकवर तर बर्नर ठेवूच नका.

सिलेंडर किती पुरतो

१ किलो प्रोपेन जळून साधारण १३ किलोवॅट-अवर देतो. २० लिटरच्या एका पूर्ण बॅचला, म्हणजे मॅशचं पाणी तापवणं, वॉर्ट उकळीला आणणं आणि तासभर उकळणं, सगळं मिळून पातेल्यात सहाच्या आसपास किलोवॅट-अवर जातात, ४० टक्क्यांच्या हिशोबाने बर्नरला १५, म्हणजे १ किलोच्या थोडं वर. वाऱ्याच्या दिवशी दीड. ९-१० किलोचा सिलेंडर असेल तर सहासात बॅच आरामात. पण भरवसा हिशोबावर ठेवू नका, सिलेंडर वजन करून बघायची सवय लावा, रिकाम्याचं वजन त्याच्यावरच कोरलेलं असतं. उकळीच्या मधेच गॅस संपण्यासारखा वैताग नाही, म्हणून एक जास्तीचा भरलेला जवळ असावाच.

सिलेंडरच्या बाहेर दंव जमलेलं दिसलं तर घाबरू नका. आतला द्रव उडून गॅस होताना स्वतःची उष्णता खातो आणि सिलेंडर गार पडतो, गार पडला की दाब कमी, दाब कमी की आच कमी. थंडीत, अर्धवट रिकाम्या लहान सिलेंडरवर मोठा बर्नर चालवलात की हमखास होतं. उपाय म्हणजे मोठा किंवा जास्त भरलेला सिलेंडर. ज्योत दाखवून सिलेंडर गरम करणारे महाभाग आहेत, त्यांच्यापासून लांब उभे राहा. आणि मिश्र एलपीजी असेल, म्हणजे त्यात ब्युटेन असेल, तर लक्षात ठेवा की ब्युटेन शून्याच्या आसपास उडायचंच बंद होतं, प्रोपेन मात्र उणे ४२ पर्यंत उडतं. थंड हवेत शुद्ध प्रोपेनचा फरक लगेच कळतो.

जागा

बाहेर म्हणजे बाहेर. गॅरेजचं दार उघडं ठेवून आत, बंद केलेल्या बाल्कनीत, मांडवाखाली, हे सगळं "आत"च आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. आणि प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड, गळला तर वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटत तळघरात, गटाराच्या तोंडात, खड्ड्यात जाऊन बसतो आणि हवेत २ टक्क्यांच्या थोडं वर झाला की ठिणगीची वाट बघतो. जागा सपाट, उघडी, भिंतीपासून आणि वाळलेल्या गवतापासून दोनतीन मीटर लांब. सिलेंडर उभाच, होज जेवढी ताणरहित जाईल तेवढा लांब, आणि होज येण्याजाण्याच्या वाटेत नको. एबीसी पावडरचं अग्निशामक हाताशी, बर्नरच्या पलीकडे नाही, तुमच्या बाजूला.

पहिला दिवस, फक्त पाणी

बर्नर आला की लगेच बिअर करायला बसू नका. सगळं जोडा, बर्नरचा व्हॉल्व्ह बंद ठेवा, सिलेंडर हळू उघडा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर बंद करून घट्ट करा, पुन्हा बघा. काडी पेटवून गळती बघायची नाही हे सांगायला लागू नये पण सांगतो. सिलेंडर झटक्यात उघडला तर काही रेग्युलेटरमधली सुरक्षा झडप "गळती आहे" असं समजून प्रवाह अडवते आणि ज्योत मरतुकडी येते. तसं झालं तर सगळं बंद करा, मिनिटभर थांबा, आधी सिलेंडर हळूहळू उघडा आणि मग बर्नर. निम्म्या "माझा बर्नर खराब आलाय" तक्रारींचं उत्तर हेच असतं.

पहिली दहा-पंधरा मिनिटं पातेलं न ठेवता जाळा, रंग आणि तेल जळून धूर येईल, ज्योत नारिंगी दिसेल, ते जाऊ द्या. मग हवेची झडप फिरवा, पिवळी टोकं असतील तर हवा वाढवा, ज्योत बर्नरवरून उचलून फुरफुरत असेल तर हवा कमी करा.

आता पातेल्यात २० लिटर पाणी, सिलेंडरचं वजन, घड्याळ. समजा पाणी २५ वरून ७५ अंशावर यायला १२ मिनिटं लागली आणि सिलेंडर पाव किलोने हलका झाला. पाण्यात गेले जवळजवळ ४,२०० किलोज्यूल, गॅसमधून निघाले साधारण ११,६०० (१ किलोला ४६,४०० धरून), म्हणजे ३६ टक्के. हा तुमचा स्वतःचा आकडा, खोक्यावरचा नाही. आता रेग्युलेटर थोडा कमी करून पुन्हा करून बघा. वेळ थोडा वाढतो पण गॅस लक्षणीय कमी लागतो असं बहुतेक वेळा दिसेल, कारण ज्योत पातेल्याखालीच राहते. मला माझ्या बर्नरवर जी जागा गोड वाटली तिथे मी रेग्युलेटरवर नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवलाय.

आणि शेवटी पाणी उकळल्यावर आच एवढी कमी करा की पृष्ठभाग नुसता लोळत राहील. दहा मिनिटं न विझता, न पिवळी होता राहिली तर बर्नर पास. नाही राहिली तर परत करायची मुदत असेपर्यंत परत करा, वॉर्ट लागल्यावर कुणी घेत नाही.

ब्रू डेला बर्नरपाशी

खळखळून, पाणी उडेल अशी उकळी लागत नाही. पृष्ठभाग सतत लोळतोय आणि वाफ निघून जातीये एवढं पुरतं, झाकण मात्र उघडं, कारण फिकट माल्टमधून तयार होणारं डीएमएस, ते शिजलेल्या मक्यासारखा वास देणारं, वाफेबरोबर बाहेर गेलं पाहिजे. पहिला फेस चढायला लागला की हात व्हॉल्व्हवर, डोळे पातेल्यावर, मोबाईल खिशात. ऊतू गेलं तर ज्योत विझते पण गॅस चालूच राहतो, आधी व्हॉल्व्ह बंद, गॅस उडून जाऊ द्या, मगच पुन्हा पेटवा. ज्योत विझल्यावर गॅस बंद करणारा थर्मोकपल काही बर्नरला असतो, मिळत असेल तर घ्या, पण तो आहे म्हणून जागा सोडून जाऊ नका.

एक्स्ट्रॅक्ट घालताना ज्योत पूर्ण बंद करा. ते जड असतं, तळाला बसतं आणि करपतं, मग अख्ख्या बॅचला जळका वास. पिशवीत मॅश करणाऱ्यांनीही पिशवी तळाला टेकलेली असताना आच लावू नका, वितळून भोक पडतं, खाली जाळी ठेवा किंवा बंद करून ढवळा. आणि हे सगळं करताना पायात बंद बूट, स्लीपर नाही.

काम झालं की आधी सिलेंडर बंद करा, होजमधला गॅस जळून जाऊ द्या, मग बर्नरचा व्हॉल्व्ह. गार झाल्यावर सांडलेलं वॉर्ट वायर ब्रशने काढा, साखर आणि आम्ल मिळून बिडाला गंज लवकर आणतात. पावसात ठेवू नका. आणि महिना-दोन महिने वापरला नसेल तर पेटवायच्या आधी हवेच्या नळीत डोकावून बघा. कोळ्यांना ती नळी फार आवडते, आत बारीक जाळं विणून बसतात, हवा अडते, आणि मग ज्योत मागे, झडपेच्या तोंडातूनच भडकते. माझा एकदा असाच पेटला होता, तेव्हापासून बाटली धुवायचा लांब ब्रश बर्नरच्या पायालाच बांधून ठेवलाय आणि नळीच्या तोंडावर बारीक जाळीचा तुकडा रबरबँडने लावतो, पेटवायच्या आधी तो काढायचा.